युरोपातल्या देणग्या, शाळा आणि जागरूक नागरिक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं श्टुटगार्टजवळ राहते. मुलीच्या शाळेच्या पालक मंडळावर आहे, आणि शाळेसाठी पैसे गोळा करणाऱ्या संस्थेची खजिनदार आहे. त्यामुळे गणपतीच्या जेवणाच्या रांगेत असो की पुण्याला गेल्यावर भावाच्या घरी, तेच ते प्रश्न मला विचारले जातात. त्यातले जे पुन्हा पुन्हा येतात, ते इथे उत्तरांसह लिहून ठेवते आहे.

दान म्हणजे दान. त्याला ‘फिलान्थ्रॉपी’ असं वजनदार नाव कशाला?

अन्नछत्र, पाणपोई, धर्मशाळा हे दान आपल्या ओळखीचं आहे. भुकेल्याला घास मिळाला, विषय संपला. इंग्लंडमध्ये यॉर्कला जोसेफ राउंट्री नावाचा चॉकलेटचा कारखानदार होता. त्याने १९०४ मध्ये आपल्या संपत्तीतून तीन ट्रस्ट काढले आणि विश्वस्तांसाठी एक टिपण लिहून ठेवलं. त्यात तो म्हणतो, की यॉर्कमधल्या गरिबांच्या सूपगृहाला पैसे कधी कमी पडत नाहीत, पण गरिबी किती आहे आणि का आहे याचा तपास करायचा म्हटलं तर हात आखडतात. हा ‘का’ विचारण्यासाठी दिलेला पैसा, त्याला इथे फिलान्थ्रॉपी म्हणतात. नाव तुम्ही काहीही द्या.

राउंट्रीने आणखी एक गंमत करून ठेवली. तीनपैकी एक ट्रस्ट त्याने मुद्दाम धर्मादाय ठेवला नाही. धर्मादाय म्हटलं की करसवलत मिळते, पण राजकीय सुधारणांसाठी उघडपणे झगडता येत नाही. तो ट्रस्ट आजही कर भरतो आणि झगडतो.

युरोपात शिक्षण तर सरकारच देतं, तेही बहुतेक फुकट. मग दात्यांचं काम काय?

पैशांच्या हिशेबात पाहिलं तर फार थोडं. युरोपियन युनियनच्या एकट्या इरॅस्मस प्लस या शैक्षणिक देवाणघेवाणीच्या कार्यक्रमाला २०२१ ते २०२७ साठी साधारण २६ अब्ज युरो आहेत. त्यात देशोदेशींच्या शिक्षण खात्यांचे पैसे धरलेलेच नाहीत. कुठलंही फाउंडेशन एवढ्या पैशाशी बरोबरी करू शकत नाही, आणि जे करायला जातं ते पगार आणि फळे-खडूतच संपतं.

पण सरकारी पैशाला बहुमत लागतं, नियम लागतो, आधी झालेल्या कामाचा दाखला लागतो. ज्याचा दाखलाच नाही ते आधी कोणीतरी करून दाखवावं लागतं. आणि कधी कधी सरकारला ते नकोच असतं.

एखादं पटेल असं उदाहरण सांगा.

माझं आवडतं उदाहरण पोर्तुगालचं आहे.

कालूस्त गुलबेंकियन हा इस्तंबूलमध्ये जन्मलेला आर्मेनियन माणूस. इराकच्या तेलात त्याचा पाच टक्के हिस्सा, म्हणून त्याला ‘मिस्टर फाइव्ह पर्सेंट’ म्हणत. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये तो लिस्बनला आला आणि शेवटपर्यंत तिथल्या एका हॉटेलातच राहिला. १९५५ मध्ये वारला. मागे ठेवलेल्या संपत्तीतून १९५६ मध्ये लिस्बनला त्याच्या नावाचं फाउंडेशन उभं राहिलं.

त्या वेळी पोर्तुगालमध्ये सालाझारची हुकूमशाही. १९६० च्या आसपास देशात तीनात एक माणूस निरक्षर. पुस्तकांवर सेन्सॉर. गावांमध्ये ग्रंथालय नावाची वस्तूच नाही. आणि ज्या राजवटीला लोकांनी फार वाचलेलं नको होतं, तिच्याकडे ग्रंथालयं मागणार कोण?

१९५८ मध्ये गुलबेंकियनच्या पैशाने सित्रोएनच्या गाड्या पुस्तकं भरून खेडोपाडी निघाल्या. ही कल्पना ब्रांकिन्यो द फोन्सेका या लेखकाची. त्याने आधी काश्काइश या गावात असा प्रयोग करून पाहिला होता. गाडी गावच्या चौकात थांबायची, दार उघडलं की आत तिन्ही बाजूंना उघडे फडताळ. खालच्या फळ्यांवर लहान मुलांची पुस्तकं, त्यांच्या हाताला येतील अशी. मधल्या फळ्यांवर कादंबऱ्या, प्रवास, चरित्रं. सगळ्यात वर तत्त्वज्ञान, कविता, विज्ञान. म्हणजे मूल जसं उंच होईल तसा त्याचा हात वरच्या फळीवर जाणार! पुस्तक फुकट, घरी न्यायचं, गाडी परत आली की द्यायचं. गाडीवरचे काही जण तर स्वतः कवी होते. पुढे पोर्तुगीज कवितेत मोठा झालेला एर्बेर्तु एल्देर हा या गाड्या घेऊन गावोगाव फिरलेला आहे.

यात ‘नागरिकत्व’ हा शब्द कुठेही नव्हता, तो लिहिला असता तर गाड्या हलल्याच नसत्या. पण १९७४ मध्ये हुकूमशाही पडली तेव्हा ज्यांनी पहिल्यांदा मोकळेपणाने मत दिलं, त्यांच्यातल्या कित्येकांच्या हातातलं पहिलं पुस्तक या गाडीतलं होतं. १९८७ पासून पोर्तुगीज सरकारने नगरपालिकांबरोबर स्वतःचं ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं, आणि २००२ मध्ये गुलबेंकियनच्या गाड्या थांबल्या. चव्वेचाळीस वर्षं. आजकाल तीन वर्षांच्या ‘प्रोजेक्ट’मध्ये समाज बदलून मागणाऱ्यांनी हा आकडा जरा बघावा.

गुलबेंकियन हे नाव गोव्यात ऐकल्यासारखं वाटतं.

बरोबर ऐकलं आहे. रायतूरच्या सेमिनरीत १९९४ मध्ये ख्रिस्ती कलेचं संग्रहालय सुरू झालं, त्याला वारसा जपणाऱ्या इंटॅक या भारतीय संस्थेबरोबर गुलबेंकियनचीही मदत होती. आता ते जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठात आहे. आणि हेही लक्षात घ्या, की १९५८ मध्ये त्या गाड्या निघाल्या तेव्हा पणजीवरही त्याच सालाझारचं राज्य होतं.

‘नागरिकत्व शिकवणं’ म्हणजे शाळेत नक्की काय करतात? आपल्यासारखं नागरिकशास्त्र?

आपलं नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेली पानं. राज्यपालांचे अधिकार पाठ, ग्रामपंचायतीची कामं पाठ, पेपर झाला की साफ. जर्मनीतही पाठ्यपुस्तकातलं असंच रुक्ष असतं, उगीच इथलं सगळं ग्रेट म्हणायला नको. फरक दिसतो तो पुस्तकाबाहेर.

माझी मुलगी नववीत असताना ‘युगेंड डेबाटीअर्ट’ या वादस्पर्धेत होती. हेर्टी फाउंडेशनने २००१ च्या सुमारास सुरू केलेला हा उपक्रम आता देशभर चालतो, राष्ट्राध्यक्ष त्याचे आश्रयदाते आहेत. आपल्या वक्तृत्व स्पर्धेत वाढलेल्या मला तो पहिल्यांदा पाहताना विचित्रच वाटला. चार मुलं, दोन बाजूने, दोन विरोधात. प्रत्येकाला सुरुवातीला दोन मिनिटं. मग बारा मिनिटं मोकळी चर्चा, मध्ये कोणी सूत्रसंचालक नाही. शेवटी प्रत्येकाला एक मिनिट. एकूण चोवीस मिनिटं, बेल वाजली की बस. टाळ्याखाऊ वाक्यं, शेरोशायरी, टेबलावर मूठ आपटणं, काही नाही. गुण चार गोष्टींना : विषयाची माहिती, भाषा, पटवून देण्याची ताकद, आणि चौथी गोष्ट म्हणजे समोरच्याचं ऐकून त्याला धरून बोलता येतं का.

शाळेत मोबाइलवर बंदी असावी का, असा त्या दिवशीचा विषय. मुलीच्या वाट्याला चिठ्ठीत ‘असावी’ आलं. आठवडाभर घरात बंदीच्या विरोधात भांडणारी ही, आणि तिथे बंदीच्या बाजूने इतकं मुद्देसूद बोलली की मी तिचा मोबाइल तिथेच काढून घ्यायच्या बेतात होते. शेवटच्या एका मिनिटात तिने विरोधातल्या मुलाचा एक मुद्दा मान्य केला. परीक्षकांनी नंतर त्याचंच कौतुक केलं. आपल्या शाळेत असं केलं असतं तर ‘हरलीस’ म्हणाले असते.

याचा खर्च म्हणाल तर शिक्षकांचं प्रशिक्षण, साहित्य, आणि पुढच्या फेऱ्यांचा प्रवास. इमारत नको, संगणक नको.

स्पर्धांनी खरंच कोणी नागरिक होतं का? की प्रमाणपत्र भिंतीवर लागतं एवढंच?

बहुतेकांचं भिंतीवरच लागतं. पण पासाऊचं उदाहरण ऐका.

हाम्बुर्गचा उद्योजक कुर्ट क्योर्बर आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष गुस्टाव हाइनेमान यांनी मिळून १९७३ मध्ये शाळकरी मुलांसाठी इतिहासस्पर्धा सुरू केली. अट अशी, की पुस्तकातला इतिहास उतरवायचा नाही. आपल्या गावातला शोधायचा : दप्तरखान्यात जा, म्हाताऱ्यांना विचारा, जुनी वर्तमानपत्रं चाळा. १९८० मध्ये विषय नाझी काळातल्या रोजच्या जगण्याचा होता. बव्हेरियातल्या पासाऊ गावच्या आना रोसमुस या शाळकरी मुलीने तो घेतला. तिला वाटलं होतं, आपलं गाव कसं धर्मनिष्ठ, हिटलरला विरोध करणारं, हे लिहू. कागद हातात यायला लागले तसं चित्र पालटलं. प्रतिष्ठित घराण्यांची नावं निघायला लागली. मग कागद मिळेनासे झाले. ती कोर्टात गेली. धमक्या आल्या. तिने सोडलं नाही, १९८३ मध्ये पुस्तक काढलं. गावाने तिला बरीच वर्षं माफ केलं नाही.

स्पर्धेच्या आयोजकांनी हे ठरवून केलं नव्हतं. त्यांनी एका मुलीला प्रश्न दिला आणि दप्तरखान्याचं दार दाखवलं. बाकी तिचं. क्योर्बर फाउंडेशनची ती स्पर्धा अजून चालू आहे, आणि २००१ पासून युस्टोरी नावाने युरोपातल्या इतर देशांतल्या अशा स्पर्धांचं जाळंही आहे.

म्हणजे शाळेत राजकारणच आणणं झालं की!

ही शंका जर्मन लोकांना आपल्यापेक्षा जास्त सतावते, कारण शाळेतून राजकारण शिकवण्याचा भीषण अनुभव त्यांनी घेतला आहे. १९७६ मध्ये, श्टुटगार्टपासून जवळच बॉइटेल्सबाख नावाच्या गावात, डाव्या-उजव्या विचारांचे शिक्षणतज्ज्ञ एकत्र बसले. तिथून तीन नियम निघाले. मुलांवर आपलं मत लादून त्यांना गप्प करायचं नाही. समाजात जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडायचं. आणि आपलं हित कशात आहे हे मुलाला स्वतः तपासता आलं पाहिजे. कायदा नाही, सही नाही, तरी आज कुठलाही जर्मन शिक्षक बॉइटेल्सबाख म्हटलं की समजतो. फाउंडेशनचे अर्जही यावर तपासले जातात.

कायद्याची कुंपणंही आहेत. २०१९ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च कर न्यायालयाने अटॅक या जागतिकीकरणावर टीका करणाऱ्या संघटनेविरुद्ध निकाल दिला. राजकीय शिक्षण हे लोकहिताचं काम आहे, पण ते खुल्या मनाने व्हायला हवं. ठरावीक मागण्या रेटण्याच्या मोहिमा त्यात बसत नाहीत, असं न्यायालयाने म्हटलं. अटॅकची करसवलत गेली. तेव्हापासून इथल्या लहानसहान संस्थांचे खजिनदार पत्रक छापताना दोनदा वाचतात. त्यात मी पण आले. माझ्या मते हा निकाल जरा जास्तच घट्ट आहे. रस्त्यावर उतरणं हेही शिकण्याचाच भाग आहे. पण माझं मत कोण विचारतो.

आणि पैसा कोणाचा? श्रीमंतांनी ठरवायचं का आपली मुलं काय शिकणार?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि याला गुळगुळीत उत्तर नाही.

आधी नाशिककरांसाठी एक गोष्ट. रॉबर्ट बॉश कंपनीचे जवळजवळ ९४ टक्के शेअर्स रॉबर्ट बॉश फाउंडेशनकडे आहेत. कंपनी कशी चालवायची याचा मताधिकार मात्र फाउंडेशनकडे नाही, तो वेगळ्या मंडळाकडे. १९६४ पासूनची ही रचना. म्हणजे कंपनीने वाटलेल्या लाभांशातला मोठा हिस्सा लोकहिताच्या कामाला जातो. २००६ पासून हे फाउंडेशन देशातल्या उत्तम शाळांना जर्मन स्कूल प्राइझ देतं, पहिलं बक्षीस एक लाख युरोचं. आता बॉशच्या नाशिकच्या कारखान्यात, म्हणजे जुन्या मायकोत, ज्यांनी जन्म काढला, त्यांच्या कामाचा एक थेंब हाम्बुर्गच्या किंवा मुन्स्टरच्या कुठल्या तरी शाळेच्या अंगणात पडला आहे. त्यांना कोणी विचारलं होतं का? नाही. हे चांगलं की वाईट, ते तुम्ही ठरवा. माझ्या सासऱ्यांना हे सांगितलं, ते मायकोतून निवृत्त झालेले. म्हणाले, “मग आमच्या शाळेचं छप्पर का गळत होतं?”

दुसरी गोष्ट हेर्टीची, ज्यांच्या वादस्पर्धेचं मी वर कौतुक केलं. हेर्टी हे नाव आलं हेरमान टिट्झ या नावावरून. ज्यू कुटुंबाची ही डिपार्टमेंट स्टोअर्स १९३३ मध्ये नाझी काळात त्यांच्या हातातून काढून घेतली गेली आणि पुढे गेओर्ग कार्गकडे गेली. युद्धानंतर टिट्झ वारसांशी तडजोड झाली, काही दुकानं परत मिळाली. १९७४ मध्ये कार्गच्या वारसांनी फाउंडेशन काढलं. त्या पैशावर बर्लिनमध्ये उभ्या राहिलेल्या हेर्टी स्कूलच्याच आजी-माजी विद्यार्थ्यांनी २०१८ च्या सुमारास विचारायला सुरुवात केली, की हा इतिहास नीट का सांगत नाही? दबाव वाढल्यावर फाउंडेशनने इतिहासकारांकडून अभ्यास करून घेतला. मला यात एक समाधान आहे : लोकांना प्रश्न विचारायला शिकवण्यासाठी पैसे दिले, तर पहिला प्रश्न आपल्याच तिजोरीवर येणार, याची तयारी हवी.

पणजीच्या फोंतेन्हासमध्ये फुंदासांव ओरिएंतचं सुंदर घर आहे. १९८८ मध्ये ते फाउंडेशन सुरू झालं तेव्हाचा पैसा मकावच्या जुगारधंद्यातून आलेला. तिथल्या मैफलीला बसताना हे आठवतं, आणि मी मैफलीला तरी जातेच.

देणगीदार निघून गेला की काम बंद पडतं. मग उपयोग काय?

पडतं. २०२३ मध्ये जॉर्ज सोरोस या अब्जाधीशाच्या ओपन सोसायटी फाउंडेशन्सनी युरोपियन युनियनमधलं बरंचसं काम आवरतं घेत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा कित्येक छोट्या संस्थांची झोप उडाली. एकाच खुंटीला सगळ्या पिशव्या टांगल्या की असं होतं.

उलट उदाहरण उत्तर आयर्लंडचं. तिथे कॅथलिक मुलं वेगळ्या शाळेत, प्रोटेस्टंट मुलं वेगळ्या शाळेत. १९८१ चं साल, तुरुंगात उपोषण करून दहा कैदी मेले ते साल. त्याच सप्टेंबरात बेलफास्टच्या दक्षिणेला, स्काउटांच्या एका हॉलमध्ये, लॅगन कॉलेज नावाची शाळा २८ मुलांवर सुरू झाली. दोन्हीकडची मुलं एका वर्गात. पालकांनीच ती काढली. सरकारचा एक पेनीही नव्हता. पालकांनी घरं-दारं पणाला लावली आणि नफील्ड फाउंडेशन, राउंट्रींचा ट्रस्ट अशांनी सुरुवातीची वर्षं टेकू दिला. १९८४ मध्ये सरकारी अनुदान सुरू झालं. १९८९ च्या शिक्षण कायद्याने तर अशा एकत्रित शाळांना उत्तेजन देणं हे सरकारचं कर्तव्यच ठरवलं. नव्या शाळांना अनुदान मिळेपर्यंत तगवायला १९९२ पासून एक वेगळा निधी आहे.

आणि तरीही चाळीस वर्षांनी तिथली जेमतेम बारात एक मुलं अशा शाळेत जातात. जनमत चाचण्यांत एकत्र शाळा हव्यात म्हणणारे पुष्कळ, पण स्वतःच्या मुलाचं नाव घालायची वेळ आली की जवळची, ओळखीची, आपल्यातली शाळा. दात्याचा पैसा हॉलचं भाडं भरू शकतो. शेजाऱ्याचं मन वळवायला तो पुरत नाही.

एसेनच्या मर्काटोर फाउंडेशननेही असंच एक जुनं काम मोठं केलं. परदेशी पार्श्वभूमीच्या मुलांना शिक्षक होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांनी मोफत शिकवणी द्यायची, ही पद्धत एसेन विद्यापीठात १९७४ पासून होती. मर्काटोरने २००४ पासून ती देशभर नेली. त्यातून कळलं, की शिक्षकांनाच जर्मन दुसरी भाषा म्हणून कशी शिकवायची ते येत नाही. २००९ मध्ये नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्याने प्रत्येक भावी शिक्षकाला तो विषय सक्तीचा केला. आपल्या मुलांची जर्मन सुधारली त्यात याचा वाटा आहे, हे आपल्या कोणालाच माहीत नसतं.

सरकारलाच हे नको असेल तर?

हंगेरी बघा. १९८४ मध्ये, कम्युनिस्ट राजवट असताना, जॉर्ज सोरोस यांनी बुडापेस्टमध्ये फाउंडेशन सुरू केलं. त्यांच्या पहिल्या गाजलेल्या कामांपैकी एक म्हणजे ग्रंथालयांना आणि संशोधन संस्थांना झेरॉक्स मशिनं देणं. आज हसू येईल. पण तिथे तेव्हा कागदाची प्रत काढणं ही सरकारच्या नजरेखालची गोष्ट होती. कोपऱ्याकोपऱ्यावर मशिनं आली, आणि कोणी कशाची प्रत काढली हे बघणं अशक्य झालं. भाषण नाही, मोर्चा नाही, नुसतं मशीन.

याच फाउंडेशनच्या शिष्यवृत्तीवर १९८९ मध्ये व्हिक्टर ओर्बान नावाचा एक तरुण ऑक्सफर्डला गेला होता. तोच पुढे पंतप्रधान झाला. त्याच्या सरकारने २०१७ मध्ये दोन कायदे केले : एक परदेशी पैसा घेणाऱ्या संस्थांवर शिक्का मारणारा, दुसरा सोरोस यांनी १९९१ मध्ये काढलेल्या सेंट्रल युरोपियन युनिव्हर्सिटीला अडवणारा. युरोपियन न्यायालयाने २०२० मध्ये दोन्ही बेकायदा ठरवले. तोपर्यंत विद्यापीठ व्हिएन्नाला गेलेलं होतं. निकाल जिंकला, वर्ग गेले.

भारतात संस्था चालवणाऱ्यांना हे वाचताना एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा आपला कायदा, आठवेल. दोन्हीकडचे तपशील वेगळे आहेत, पण ‘परदेशी पैसा’ हा शब्द उच्चारताना लागणारा सूर ओळखीचा आहे.

शाळा सुटलेल्या मोठ्या माणसांसाठी काही आहे का?

पुन्हा पोर्तुगाल. पिंगु दोस या सुपरमार्केटच्या मालक घराण्याने २००९ मध्ये फ्रान्सिस्कु मान्युएल दुश सांतुश फाउंडेशन काढलं. २०१० मध्ये त्यांनी पोरदाता हा आकडेवारीचा संग्रह सर्वांना खुला केला : देशात शिक्षक किती, पेन्शन किती, जन्मदर किती, सगळं साध्या माणसाला वाचता येईल असं. शिवाय सार्वजनिक प्रश्नांवर छोटी, स्वस्त पुस्तकं काढून ती सुपरमार्केटात विकायला ठेवली. बटाटे, पाव आणि न्यायव्यवस्थेवरचा निबंध एकाच पिशवीत.

बेल्जियममध्ये २०१०-११ मध्ये ५४१ दिवस पूर्ण अधिकाराचं सरकारच नव्हतं. तेव्हा काही जणांनी लोकांच्या देणग्या जमवून ब्रुसेल्समध्ये चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या सामान्य नागरिकांची सभा भरवली. हजार बोलावले, ७०४ आले. पुढे २०१९ मध्ये तिथल्या जर्मनभाषक भागाने अशी २४ जणांची नागरिक परिषद कायमची केली.

एका देशातून दुसऱ्या देशातल्या शाळेला देणगी दिली तर करसवलत मिळते?

याचं उत्तर हाइन पेर्शे नावाच्या जर्मन कर सल्लागारामुळे मिळालं. त्याने २००३ मध्ये पोर्तुगालमधल्या लागोआ गावच्या एका संस्थेला, जिथे वृद्धाश्रम आणि मुलांचं घर दोन्ही आहे, चादरी, टॉवेल, म्हाताऱ्यांचे वॉकर आणि खेळण्यातल्या मोटारी दिल्या. किंमत १८,१८० युरो. जर्मन कर कार्यालय म्हणालं, संस्था जर्मन नाही, सवलत नाही. गडी युरोपियन न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी २००९ मध्ये निकाल लागला : दुसऱ्या सदस्य देशातली संस्था तुमच्या निकषांत बसत असेल, तर केवळ परदेशी म्हणून सवलत नाकारता येणार नाही. ती बसते हे सिद्ध करण्याची कागदपत्रं मात्र देणाऱ्याने आणायची, त्यामुळे व्यवहारात अजूनही दमछाक होते. सगळ्या युनियनसाठी एकच ‘युरोपियन फाउंडेशन’ असा कायदा २०१२ मध्ये सुचवला होता. एकमत लागत होतं, झालं नाही, प्रस्ताव मागे घेतला.

आणि जर्मनीतून भारतातल्या शाळेला?

थेट दिली तर जर्मन करात वजावट नाही, ती युरोपियन युनियन आणि त्याच्या आर्थिक क्षेत्रातल्या संस्थांपुरती आहे. म्हणून लोक जर्मनीतल्या नोंदणीकृत संस्थेमार्फत देतात. भारताच्या बाजूने : तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेत, तर तो परदेशी निधी धरत नाहीत. जर्मन पासपोर्ट आणि ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) असेल तर धरतात, आणि मग शाळेकडे एफसीआरए नोंदणी हवी. हे न बघता पैसे पाठवलेल्यांनी गावच्या शाळेला नोटिशीत अडकवल्याचं मी पाहिलं आहे.

जर्मनीतल्या जर्मनीत मात्र सोपं आहे. उत्पन्नाच्या २० टक्क्यांपर्यंत वजावट, आणि ३०० युरोपर्यंतच्या देणगीला बँकेचं स्टेटमेंट पुरतं.

आम्ही ब्लू कार्डवर, म्हणजे कामाच्या परवान्यावर. मत नाही. आमचा या नागरिकत्वाशी काय संबंध?

नेदरलँड्समध्ये पाच वर्षं कायदेशीर राहिलात तर नगरपालिकेला मत देता येतं. आयर्लंडमध्ये स्थानिक निवडणुकीत तर राष्ट्रीयत्व बघतच नाहीत. जर्मनीत युरोपियन युनियनबाहेरच्यांना मत नाही, हे खरं. पण शाळेच्या पालक मंडळावर निवडून यायला पासपोर्ट लागत नाही. मी तशीच आले. पहिल्या सभेत तोंड उघडलं नाही, दुसऱ्या सभेत जेवणाच्या डब्यात शाकाहारी पर्याय मागितला, आणि तिसऱ्या सभेत मला खजिनदार केलं.

आमची फ्योर्डरफेराइन, म्हणजे शाळेची मित्रमंडळ संस्था, वर्षाला १५ युरो वर्गणी घेते. उन्हाळ्याच्या जत्रेत केकचं टेबल लागतं, त्यात मी नारळाच्या वड्या ठेवते. गेल्या वर्षी चीजकेकच्या आधी संपल्या. त्या पैशातून, ज्यांना सहलीचा खर्च झेपत नाही त्यांचा खर्च निघतो, आणि कोणाचा निघाला हे वर्गशिक्षक सोडून कोणाला कळत नाही.

एकदा त्याच सहलीला बर्लिनची संसद जोडायची म्हणून एका मोठ्या फाउंडेशनकडे दोन हजार युरो मागितले. अर्ज सतरा पानी. त्यात ‘अपेक्षित सामाजिक परिणाम, मोजता येईल अशा निर्देशकांसह’ असा रकाना. मी लिहिलं, ‘मुलं संसद बघतील.’ नकार आला. मग शहराच्या ब्युर्गरश्टिफ्टुंगकडे गेलो. गावातल्याच लोकांनी थोडे थोडे पैसे घालून काढलेलं हे फाउंडेशन, जर्मनीत पहिलं १९९६ मध्ये ग्युटर्सलोला निघालं. तिथे अर्ज दीड पानी, आणि बाईंनी फोन करून विचारलं, “बस किती सीटची?”

पैसे नाहीत, वेळ थोडा आहे. काय करू?

नोव्हेंबरचा तिसरा शुक्रवार मोकळा ठेवा. २००४ पासून त्या दिवशी जर्मनीभर शाळा, वाचनालयं, बालवाड्यांत मोठी माणसं मुलांना मोठ्याने वाचून दाखवतात. नाव नोंदवायचं, जायचं, वाचायचं. गेल्या वेळी मी जर्मन गोष्ट वाचली आणि मग शिक्षिकेला विचारून म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट मराठीत सांगितली. ‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’ला वीस जर्मन, तुर्की आणि युक्रेनियन पोरं टेबलं बडवत होती. पुढच्या वर्षी भोपळा घेऊन या, असं सांगून ठेवलं आहे.